दीडशे दिवसांचं लायसन्स

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही त्रिमूर्तीनगरात राहतो, इतवारीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगा २० वर्षांचा, मिशिगनमध्ये इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. मार्चमध्ये मित्राच्या वाढदिवसाहून रात्री दीड वाजता परतताना पोलिसांनी त्याची गाडी अडवली. श्वासाच्या तपासणीत ०.०९ आलं. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला, समाजसेवेचे तास लागले, लायसन्स ३० दिवस पूर्ण बंद आणि त्यापुढे १५० दिवस रिस्ट्रिक्टेड. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं. तेव्हापासून त्याची आई धड जेवत नाही.

त्याच्याकडे नागपूरचं लायसन्स आहे आणि जाताना आम्ही इंटरनॅशनल परमिटही काढून दिलं होतं. त्याचा रूममेट म्हणतो, तिकडचं अडकलं तर हे दाखवायचं. चालेल का? रिस्ट्रिक्टेड म्हणजे नेमकं काय, किराणा आणायला तरी जाता येतं का? दिवाळीनंतर त्याच्या बहिणीचं लग्न आहे. तो आला आणि इथे गाडी चालवली तर काही अडचण? ०.०९ म्हणजे फार नसावी, असं मला वाटतं. नातेवाइकांपैकी कोणालाच सांगितलेलं नाही.
— एक वडील, नागपूर

उत्तर : दादा, आधी परमिटचं सांगते, कारण ते आजच थांबवता येईल. मुलाला फोन करा. नागपूरचं लायसन्स आणि ते परमिट, दोन्ही गाडीतून काढून खोलीवर बॅगेच्या तळाशी ठेवायला सांगा. रूममेट सुचवतो आहे तो नवा गुन्हा आहे.

मिशिगनमध्ये लायसन्सचा कारभार सेक्रेटरी ऑफ स्टेट या खात्याकडे असतो. शिक्षा कोर्ट देतं, लायसन्सवरची कारवाई हे खातं करतं. खात्यानं त्याचं नुसतं कार्ड अडवलेलं नाही, त्या राज्याच्या रस्त्यावर गाडी चालवायची त्याची मुभाच थांबवली आहे. मुभा नाही म्हटल्यावर खिशात कोणत्या देशाचं कार्ड आहे, याला काही अर्थ उरत नाही. आणि आपलं परमिट म्हणजे तरी काय? आरटीओत हजार रुपये भरायचे, पासपोर्टची प्रत जोडायची, वर्षभरासाठी ते मिळतं. इथलं लायसन्स परदेशातल्या पोलिसाला वाचता यावं, एवढंच त्याचं काम. बंदी उठवायची ताकद त्यात नाही. बंदीच्या काळात गाडी चालवताना सापडला तर पहिल्याच वेळी ९३ दिवसांपर्यंत कैद किंवा ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि जितकी बंदी होती तितकीच पुन्हा लागते. प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली असेल, तर तेही मोडलं.

आता त्या ०.०९ बद्दल. आकडा बारीक दिसतो म्हणून तुम्हाला ते थोडं वाटलं. १०० मिलिलिटर रक्तामागे अल्कोहोल किती, हे अमेरिकेत ग्रॅममध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅममध्ये. आपल्या भाषेत ते ९० मिलिग्रॅम होतं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे नागपुरात सापडला असता तर तो मर्यादेच्या तिप्पट भरला असता. मिशिगनमध्ये मोठ्या माणसालाही ०.०८ ला पकडतात. २१ वर्षांखालच्याला तर ०.०२ पासूनच, आणि धार्मिक विधीतलं तीर्थ सोडलं तर अंगात दारूचा अंश सापडला तरी पुरतं. तुमचा मुलगा त्या हलक्या कलमात बसलाच नाही, तो थेट मोठ्यांच्या कलमात गेला. रात्री दीड वाजता, त्या अवस्थेत, तो स्टिअरिंगवर होता. कोणाला धक्का न लागता पोलिसांनी त्याला थांबवलं, ही त्या रात्रीची सगळ्यात चांगली गोष्ट. माझी २६ वर्षं नागपूरच्या अपघात दाव्यांमध्ये गेली आहेत. असं थांबवायला कोणी न भेटलेल्या गाड्यांच्या फायली माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे लिहिते.

रिस्ट्रिक्टेडचं मला पुस्तकापेक्षा घरातून जास्त कळलं. माझा भाचा डेट्रॉइटजवळ वाढला. १९ वर्षांचा असताना एका पार्टीत बिअर पिऊन निघाला आणि पकडला गेला. त्याचा आकडा कमी होता, त्यामुळे २१ खालच्यांचं हलकं कलम लागलं आणि ३० दिवसांचंच बंधन आलं. फेब्रुवारी महिना होता आणि मी बहिणीकडे राहायला गेले होते. गाडीच्या सनव्हायजरला त्यानं एक पारदर्शक फोल्डर अडकवून ठेवलं होतं. त्यात कॉलेजच्या टाइमटेबलचा प्रिंट आणि कामावरच्या मॅनेजरनं सही करून दिलेलं शिफ्टच्या वेळांचं पत्र. हे कागद बरोबर बाळगणं तिथे कायद्यानंच सक्तीचं आहे. कुठे निघालात आणि किती ते किती, याचा पुरावा जवळ हवा आणि पोलिसानं मागितला की दाखवायला हवा. भाच्यानं प्रत्येक तासाखाली पिवळ्या मार्करनं रेघ ओढली होती. शिफ्ट बदलली की तो मॅनेजरकडून नवं पत्र घ्यायचा आणि जुनं फाडून टाकायचा.

एका संध्याकाळी तो कॉलेजातून येताना मलाही लायब्ररीतून घेऊन निघाला. रस्त्यात इंडियन ग्रोसरीचं दुकान लागलं. बहिणीनं कोथिंबीर आणायला सांगितली होती. मी म्हटलं, "अरे थांबव ना, पाच मिनिटांचं काम आहे." त्यानं गाडी थांबवली नाही. समोर बघतच म्हणाला, "मावशी, ते या कागदावर नाही." घरी आला, मला उतरवलं, गाडी लावली, बूट घट्ट बांधले आणि बर्फातून चालत त्या दुकानात गेला. पाऊण तासानं परतला तेव्हा कोथिंबिरीची जुडी जॅकेटच्या आत धरलेली होती, गारठून काळी पडू नये म्हणून. मी वकील आहे, त्याच्या दुप्पट वयाची आहे, आणि मीच त्याला नियम मोडायला सांगितलं होतं. दादा, तुम्हाला पत्र लिहिताना सारखं तेच आठवतंय. अशा वेळी मुलाला ढिलाईचा सल्ला आपण घरचीच माणसं देतो, आणि मायेपोटी देतो.

तर किराणा नाही. देऊळ नाही, जिम नाही, मित्राला एअरपोर्टवर सोडणं नाही. जाता येतं ते कामावर आणि कामावरून, कामाचाच भाग असेल तिथे, कॉलेजला, कोर्टानं सांगितलेल्या दारूच्या वर्गाला किंवा उपचाराला, प्रोबेशन ऑफिसरकडे, समाजसेवेच्या ठिकाणी, आणि स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या गंभीर दुखण्यात डॉक्टरकडे. त्याच्या हातातल्या आदेशात काय छापलंय ते शेवटचं. त्याचा फोटो मागवून घ्या आणि दोघं मिळून ओळ न् ओळ वाचा.

इथे एक गोष्ट विचारतेच. तो कॅम्पसबाहेर कुठे रोखीवर काम करतो का? पेट्रोल पंपावर, मोटेलमध्ये, ओळखीच्यांच्या हॉटेलात? स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं, बाहेर परवानगीशिवाय नाही. तसं काम असेल आणि तिथे जाताना पोलिसानं कागद मागितला, तर मॅनेजरचं पत्रच त्याच्या विरुद्धचा पुरावा होईल. असेल तर आज सोडायला सांगा. पैशांची ओढाताण होत असेल तर ती इथून भरून काढा.

आता लग्न. तुम्ही मला इथल्या गाडीबद्दल विचारलंत, पण खरी काळजी विमानाची आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या वकिलातींना सांगितलं, की मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक किंवा शिक्षा असेल, तर त्या माणसाचा व्हिसा रद्द करता येईल, तो माणूस अमेरिकेत बसलेला असला तरी. व्हिसा असा रद्द झाला म्हणजे त्याला लगेच कॉलेज सोडून यावं लागतं असं नाही. तो नियमानं शिकत असेल तर एरवी शिकत राहतो. पण एकदा देशाबाहेर पडला की परत जायला नवा व्हिसा लागतो. म्हणजे मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी, दारूबद्दलचे प्रश्न, आणि निकाल लागेपर्यंत थांबणं. लग्नाला आठ दिवस म्हणून आलेला मुलगा सत्र बुडवून घरी बसू शकतो.

रद्द झाल्याचं कळवणारं पत्र ई-मेलवर येतं, अर्जात जो पत्ता दिला होता त्यावर. मी बघितलेल्या कितीतरी अर्जांत तो पत्ता मुलाचा नव्हता, अर्ज भरून देणाऱ्या एजंटचा होता. तुमच्या मुलाचा अर्ज कोणी भरला होता? त्या माणसाकडे जाऊन मार्चपासूनची मेल तपासून घ्या. स्पॅमही बघा.

तिकीट काढण्याआधी मुलानं दोन ठिकाणी जायचं आहे. एक, विद्यापीठातलं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस. त्याला लाज वाटेल, पण तिथल्या लोकांपुढे अशी मुलं दरवर्षी येतात. दुसरं, इमिग्रेशनचा वकील. ज्या वकिलानं ट्रॅफिकची केस बघितली तो नव्हे, वेगळा. कोर्टाचे सगळे कागद, शिक्षा पूर्ण केल्याच्या पावत्या, वर्गाचं सर्टिफिकेट, समाजसेवेचे सही केलेले तास, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती करून एक संच तुमच्याकडे पाठवायला सांगा. नवा व्हिसा लागलाच तर अर्जात सरळ प्रश्न असतो, कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का. तिथे "होय" लिहायचं. दारूच्या एका प्रकरणातून माणूस बाहेर पडू शकतो, व्हिसाच्या अर्जात खोटं लिहिलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

म्हणून, नातेवाइकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण मुलीला सांगावं लागेल. भाऊ लग्नाला येईल या भरवशावर ती तारीख धरून बसली आहे. त्याला यायचं आहे, पण आला तर शिक्षण अडकू शकतं, हे तिला लग्नपत्रिका छापायच्या आत कळायला हवं. तिचा तेवढा हक्क आहे. आणि ऐन वेळी कारण शोधत बसलात, तर सासरकडच्यांपुढे खोटं तिला बोलावं लागेल.

सल्ला घेऊन तो आलाच, तर नागपुरात गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. मिशिगनची बंदी आपल्या आरटीओच्या लायसन्सला लागू होत नाही. तरी चालवू देऊ नका. वर्धा रोडवरच्या लॉनवर लग्न, रात्री बारानंतर पाहुण्यांना सोडणं, पोट्टे पार्किंगमध्ये उभे राहून "एकच घे ना" म्हणणार. महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूसाठी २५, म्हणजे इथेही तो पिण्याच्या वयाचा नाही. कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. इथल्या कोर्टात अशी केस उभी राहिली तर व्हिसाच्या अर्जातल्या त्या एका "होय"चे दोन होतील. चार दिवसांसाठी ड्रायव्हर ठेवा.

त्याच्या आईला माझा निरोप द्या. मुलानं कबूल केलं, पळाला नाही, आणि उशिरा का होईना तुम्हाला सांगितलं. तिनं त्याला रोज फोन करावा, पण "कसा आहेस, जेवलास का"च्या पुढे जाऊन हेही विचारावं, की त्या दिवसानंतर पुन्हा प्यायलास का. हे आईनं विचारलं तर मुलगा खरं सांगण्याची शक्यता जास्त असते. माझ्या बहिणीनं तीस दिवस रोज विचारलं. अकराव्या दिवशी तो "हो, एकदा" म्हणाला. बहीण रागावली नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर वर्गाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसली.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचा मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. मित्रांसोबत बिअर पिऊन बाबांची ॲक्टिव्हा घेऊन फुटाळ्याकडून येत होता, पोलिसांनी पकडलं. स्कूटर ठाण्यात आहे. माझे मिस्टर म्हणतात, मोठा मुलगा २२ चा आहे, त्याच्याकडे लायसन्स आहे, तोच चालवत होता असं सांगू. दंड भरून सुटेल. मला भीती वाटते.
— एक आई, नंदनवन

उत्तर : तुमची भीती बरोबर आहे, बाई. मोठ्याचं नाव पुढे करू नका. धाकट्याला पोलिसांनी स्वतः पकडलंय, त्याची श्वासाची चाचणी त्याच्याच नावावर नोंदलेली असणार. मोठा कोर्टात खोटं बोलला तर आज ज्याच्या अंगाला काहीच लागलेलं नाही तो मुलगाही आरोपी होईल. एका मुलाला वाचवायला दुसऱ्याला ढकलू नका.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ तुमच्या घराला लागू होतं. अल्पवयीन मुलानं वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, लर्निंगही नाही. म्हणजे तुमचे मिस्टर "दंड भरून सुटेल" म्हणतात त्यापेक्षा हे बरंच मोठं आहे, आणि ते स्वतः त्यात आहेत, कारण स्कूटर त्यांच्या नावावर आहे. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं असं कोणी सांगेल, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, ॲक्टिव्हा त्यात येत नाही.

गाडी पालकाच्या संमतीनंच नेली, असं कोर्ट गृहीत धरतं. आपल्या नकळत गाडी नेली किंवा ती नेऊ नये म्हणून आपण काळजी घेतली होती, हे पालकाला सिद्ध करता आलं तर सुटका होऊ शकते. म्हणून मला खरं सांगा, चावी कुठे असायची? दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल आणि ट्यूशनला तो रोज तीच गाडी नेत असेल, तर तसंच वकिलाला सांगा. शेजारच्यांनी, ट्यूशनच्या सरांनी रोज बघितलेलं असतं, ते लपत नाही.

मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे त्याला तुरुंगात टाकायला कोणी बसलेलं नसतं. समुपदेशन, समाजसेवा, पालकांची हमी अशा गोष्टी ते ठरवू शकतात. बारावीची परीक्षा आहे, तर तारखा सांगून विनंती करा. पण तारखेला तुम्ही दोघंही हजर राहा. वडील दुकानाचं, नोकरीचं कारण सांगून आले नाहीत की मुलगा तिथे मान खाली घालून एकटा बसतो, ते मी पाहिलेलं आहे.

जाताना स्कूटरचं आरसी, विम्याची प्रत, तुमचं आधार, आणि मुलाचं दहावीचं सर्टिफिकेट मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेटच आधी बघतात.